शिळा आकडा

जानेवारीच्या सहा तारखेला, सकाळी दहाला,
म्हणजे मिट्ट काळोखात,
धक्क्यावरून गुनवोरचा फोन आला:
तुझा तो फॉर्म पुन्हा नाही म्हणतोय.

तिच्यामागे वारा, काट्याची साखळी,
आणि म्हातारा एइलर्ट कोणाला तरी शिव्या घालत होता.
बहुतेक मला.
चारशे दहा किलो राजखेकडे टबात,
एकमेकांच्या पाठीवर पाय रोवून चढणारे,
आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत, मीच लिहिलेलं:
मर्यादा ३२० किलो. कृपया आकडा तपासा.

काय तपासायचं?
नव्या वर्षाची मर्यादा पाचशे, हे साऱ्या बंदराला ठाऊक.
बेकरीतल्या फळ्यावरसुद्धा कोणी खडूने लिहून ठेवलंय.
ठाऊक नव्हतं ते फक्त तुला.

तुला मी ऑक्टोबरात लिहिलं.
अकरा ओळींचा पडताळणारा तू.
आधी आकडा तुझ्या पोटातच कोरला होता,
मग मला शहाणपण सुचलं:
बोटीगणिक माप वेगळं, हंगामागणिक वेगळं,
ते बाहेरून द्यावं.
तुझ्या नावापुढे कंस उघडला,
टेबलातून आणलेली मर्यादा त्यात ठेवली
आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

दिली खरी. पण कधी दिली?
सर्व्हर जागा झाला तेव्हा. एकोणीस डिसेंबरला.
एकदाच.
तू ती खिशात घातलीस
आणि त्यानंतर कोणालाच काही विचारलं नाहीस.

तुझा तरी काय दोष.
इथे नोव्हेंबरात मावळलेला सूर्य अजून वर आलेला नाही,
दिवस बदलला हे तुला सांगणार कोण?
वर्ष उलटलं, बंदरावर फटाके उडाले,
इस्साटने बोटीचा भोंगा इतका वाजवला की कुत्री बिथरली,
आणि तू त्या बिनखिडकीच्या खोलीत
डिसेंबर मुठीत घट्ट धरून उभा.
प्रामाणिक इतका, की रागही धड येईना.

सर्व्हर बंद करून चालू केला असता तर भागलं असतं.
हंगाम बदलेपर्यंत.
मग ये रे माझ्या मागल्या.
म्हणून कंसातला आकडा पुसला
आणि तिथे एक छोटं फंक्शन ठेवलं, न बोलावलेलं.
आता तुझ्या हातात उत्तर नाही,
उत्तर कुठे विचारायचं तेवढं आहे.
प्रत्येक फॉर्म आला की विचार.
एइलर्ट आला की विचार, त्याची बोट, आजची तारीख.
काल विचारलं होतं म्हणून आज गप्प बसू नकोस.

अकरा वीसला फॉर्म हिरवा झाला.
गुनवोर म्हणाली, खेकड्यांनी तुझे आभार मानलेले नाहीत.

मग कॉफी गार झालेली, आणि टेबलावर आईचं पार्सल,
नाताळापासून तसंच पडलेलं.
लाल लोकरीचे हातमोजे. सुंदर वीण.
अंगठा निम्म्यातच अडकतो.
दरवर्षी अडकतो.
चौदाव्या वर्षी तिने माझा पंजा मोजला होता,
स्वयंपाकघरात, शिवणाच्या फितीने;
त्यानंतर मी दक्षिणेला शिकायला गेले,
परत आले ते या टोकाला.
ती त्याच मापाने विणत राहिली,
मी दरवर्षी फोनवर म्हणत राहिले, अगदी बरोबर बसले.

दुपारी बाराला समुद्रावर थोडा वेळ निळं झालं.
कागदावर हात ठेवला, पेन्सिल फिरवली,
पाकीट शोधलं, पत्ताही लिहिला.
मग कागदावरच्या त्या रिकाम्या पंजाकडे बघत बसले.
हाही एकदाच दिलेला आकडा.

फोन लावला.
आई, मोजे लहान होतात. कधीचेच.
तिकडे बराच वेळ काही नाही,
मग फितीचा खण उघडल्याचा आवाज.
कधी येतेस, म्हणाली. हात घेऊन ये.